सिंथवर तंबोरा: छेड येते, उमलणं येत नाही

कोपरीचा_सूर

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितोय, कारण "तंबोऱ्याचा पॅच सांगा" एवढंच विचारलं तर नुसते आकडे मिळतील, आणि मला त्यामागचं कारण समजून घ्यायचंय.

आमच्या गटाची एकांकिका बसतेय. ठाण्यातल्या जुन्या चाळीतली एकच खोली, एक थकलेली गायिका, कोपऱ्यात गवसणीतला तंबोरा, आणि बाहेर नवरात्रातली मिरवणूक. पार्श्वसंगीत माझ्याकडे आहे. दिग्दर्शिकेला खऱ्या तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग नकोय. बाईंचा तंबोरा आता कुणी छेडत नाही, तो फक्त त्यांच्या डोक्यात वाजतो. ओळखू यावा, पण खोलीत वाजतोय असं वाटू नये. म्हणून सिंथ, म्हणजे विजेवर सूर घडवणारा सिंथेसायझर.

माझ्याकडे तीन आवाजांचा छोटा अ‍ॅनालॉग सिंथ आहे, सेकंडहँड घेतलेला. पंधरा दिवस रोज रात्री हेडफोन लावून बसतोय. सॉटूथ (करवतीच्या दातांसारखी) लाट, लो-पास (वरचे कंप अडवणारा) फिल्टर, कटऑफ म्हणजे अडवण्याची सीमा मध्यावर, रेझोनन्स थोडासा, अटॅक शून्य, डिके लांब, सस्टेन शून्य. तार छेडल्यासारखं येतं, पण गिटारची तार. तंबोरा छेडल्यावर मागाहून उमलतो. माझा आवाज छेडल्याक्षणी पूर्ण उघडा असतो आणि नंतर नुसता मिटत जातो. अटॅक वाढवून पाहिला, तर छेडच नाहीशी झाली. पेटीचा भाता हळूच दाबल्यासारखं वाटायला लागलं.

दुसरी अडचण साधी आहे, पण विचारतोच. अटॅक, डिके, रिलीज फिरवले की वेळ बदलतो. सस्टेन फिरवला की वेळ बदलत नाही. मग तो नक्की काय करतो?

लॅपटॉपवाला

एवढा खटाटोप कशाला? तंबोऱ्याचे तयार सॅम्पल मिळतात. त्यावर लांब रिव्हर्ब टाका, आठवणीतला वाटतो. घणसोलीत माझ्या खोलीवर मी असंच करतो आणि कामं वेळेत जातात. प्रयोग जवळ असेल तर वेळ वाचवा.

ठाणे_बेलापूर_रोड

आधी सस्टेन. तो वेळ नाहीच, ती पातळी आहे. ऐरोलीहून सुटणारी लोकल डोळ्यांसमोर आणा. सुटते आणि वेग पकडते, तो अटॅक. मग वेग थोडा उतरतो, तो डिके. नंतर एका वेगाने चालत राहते, तो सस्टेन. हा आकडा ताशी किलोमीटरचा आहे, मिनिटांचा नाही. किती वेळ चालायचं ते रबाळे किती लांब आहे त्यावर ठरतं. सिंथवर ते तुमचं बोट ठरवतं. बोट उचललं की ब्रेक, तो रिलीज.

या चार भागांची कल्पना आली कुठून तेही सांगतो. १९६५ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या कोलंबिया-प्रिन्स्टन केंद्रातले संगीतकार व्लादिमीर उसाचेव्हस्की यांनी सिंथ बनवणारे रॉबर्ट मूग यांना एन्व्हलपचा, म्हणजे सूर वेळेनुसार कसा चढतो-उतरतो त्या आकाराचा, आराखडा दिला. त्यात तीन कालावधी आणि एक पातळी होती. पुढे एआरपी या सिंथ कंपनीने अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज ही सुटसुटीत नावं रूढ केली. म्हणजे चारांतला एक वेगळ्या जातीचा आहे हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. पॅनेलवर मात्र चारही नॉब एकसारखे दिसतात, म्हणून गोंधळ होतो.

माझी सगळी नोकरी कारखान्यांतल्या इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये गेली, त्यामुळे मला हे सर्किट म्हणूनच दिसतं. एन्व्हलप म्हणजे भरणारा आणि रिकामा होणारा कपॅसिटर. २.२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १० किलोओहमच्या रोधातून रिकामा करा, २२ मिलिसेकंदांत व्होल्टेज ३७ टक्क्यांवर येतं. रोध १ मेगाओहम केलात तर तेवढ्यालाच २.२ सेकंद लागतात. डिकेचा नॉब म्हणजे हा रोध. आणि कपॅसिटर सुरुवातीला झपाट्याने, मग रेंगाळत रिकामा होतो. छेडलेली तारही तशीच विझते, म्हणून हा उतार कानाला ओळखीचा वाटतो. संगणकावर सरळ रेषेतला उतार मिळाला तर तो वाकवा. फरक लगेच ऐकू येईल.

आता मला सांगा, तुमच्या सिंथवर एन्व्हलप एक आहे की दोन? मला वाटतं घोडं तिथेच अडलंय.

पडद्यामागे

मी वाशीला असते, नाटकांचं ध्वनिसंयोजन करते. मिरवणुकीबद्दल वाचलं म्हणून लिहितेय.

फिल्टर समजायला टेंभी नाक्याजवळच्या कुठल्याही घरात नवरात्रात बसावं. खिडकी बंद असली की ताशा ऐकू येत नाही, ढोल मात्र भिंतीतून छातीत येतो. बारीक, चिरके कंप काचेवर आणि भिंतीवर अडतात, जाड कंप आत शिरतात. हाच लो-पास फिल्टर, आणि खिडकी किती उघडी आहे तो कटऑफ. तुमच्या नाटकात बाई खिडकी उघडत असतील तर आवाज मोठा करू नका, कटऑफ वर न्या. प्रेक्षकाला "आवाज वाढवला" असं न वाटता "खिडकी उघडली" असं वाटतं. मी हे कित्येकदा केलंय आणि दर वेळी अंगावर काटा येतो.

कोपरीचा_सूर

काका, एकच आहे. तोच आवाजाची पातळीही चालवतो आणि फिल्टरही. आणि फिल्टरही तिन्ही आवाजांना मिळून एकच.

ताई, खिडकी उघडण्याचा प्रसंग आहेच, आणि तोच शेवटचा आहे. हे मला सुचलंच नव्हतं. खूप आभार.

ठाणे_बेलापूर_रोड

मग कारण मिळालं. एकाच दोरीला दोन बादल्या बांधल्यात, एक वर गेली की दुसरीही जाणार. पातळी झटकन वर न्याल तर फिल्टरही झटकन उघडतो. फिल्टर सावकाश उघडायला जाल तर पातळीही सावकाश वाढते आणि छेड मरते. तुम्हाला दोन दोऱ्या हव्यात. पातळी लगेच वर जाऊन सावकाश उतरावी, आणि फिल्टर बंद राहून मागाहून उघडावा. आवाज लहान होत असताना उजळत जायला हवा. गिटारमध्ये दोन्ही एकत्र उतरतात, म्हणून तुमचा आवाज गिटारकडे गेला.

खर्ज

मी नौपाड्यात गाणं शिकवते. सिंथेसायझरमधलं मला काही कळत नाही, पण वरचं वाक्य वाचून थांबले. "आवाज लहान होत असताना उजळत जायला हवा." तंबोरा शिकवताना मी नेमकं हेच सांगायचा प्रयत्न करते आणि मला शब्द मिळत नाहीत.

तंबोऱ्याची घोडी सपाट नसते, तिला अगदी हलका बाक असतो, आणि तार तिच्यावर निसटती टेकलेली असते. मध्ये दोरा सरकवून जवारी लावतात. दोरा केसभर इकडे-तिकडे झाला तरी आवाज मुका होतो. जवारी जमली की तार छेडल्यावर आधी नुसता षड्ज येतो, आणि मग त्यातून एकेक सहायक नाद, म्हणजे मूळ सुरातच दडलेला वरचा सूर, वर येताना ऐकू येतो. खर्जाच्या तारेतून गंधार येतो, जो कुणी छेडलेलाच नसतो. त्याला आम्ही स्वयंभू गंधार म्हणतो. माझ्या विद्यार्थ्याला तो पहिल्यांदा ऐकू येतो त्या दिवशी मी पुढचं काही शिकवत नाही, तेवढंच ऐकू देते.

तुमच्या यंत्रातून गंधार येतो का? येत नसेल तर तो तंबोरा नाही, एवढं मी सांगू शकते.

ठाणे_बेलापूर_रोड

ताई, येतो, आणि तो कसा पकडायचा ते सांगतो. यात मला फार रस आहे.

सॉटूथ लाटेत सगळे सहायक नाद असतात; दुसरा पहिल्याच्या निम्मा, तिसरा तिसरा हिस्सा, असे उतरत जातात. सोयीसाठी खर्जाचा सा १०० हर्ट्झचा धरा. २०० वर वरचा सा, ३०० वर पंचम, ४०० वर आणखी वरचा सा, आणि ५०० वर गंधार. ६०० वर पुन्हा पंचम. आता लो-पास फिल्टरचा रेझोनन्स वाढवला की कटऑफच्या आसपासचा भाग उठून दिसतो. रेझोनन्स बराच ठेवून कटऑफ २०० पासून अगदी सावकाश वर न्या. सा, प, सा, ग, प असे एकेक नाद पायऱ्या चढल्यासारखे पुढे येतील. गंधार ५०० च्या आसपास भेटेल. तो छेडलेला नाही, लाटेतच होता. आपण फक्त त्याच्याकडे बोट दाखवलं.

स्क्वेअर लाट मात्र घेऊ नका. तिच्यात १, ३, ५, ७ असे विषमच नाद असतात. गंधार मिळेल, पण मधले सा गायब होतील आणि आवाज क्लॅरिनेटसारखा पोकळ होईल. तंबोऱ्यात तर उलट आहे. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिलं होतं की तार जिथे छेडली तिथे ज्या नादांचा निस्पंद बिंदू (न हलणारी जागा) असतो, ते साध्या तारेत उमटायला नकोत, पण तंबोऱ्यात तेही जोरात उमटतात. करामत घोडीच्या बाकाची. म्हणून पूर्ण भरलेली लाट हवी.

लॅपटॉपवाला

मी सॅम्पल वापरा म्हटलं होतं, ते मागे घेतो. काकांनी सांगितलेला प्रयोग आत्ता करून पाहिला. ५०० ला गंधार आला तेव्हा पुन्हा पुन्हा मागे जाऊन ऐकला. सात वर्षं सिंथ वापरतोय आणि कटऑफ फक्त "अंधार-उजेड" म्हणूनच फिरवत होतो.

कोपरीचा_सूर, तुमच्या यंत्रावर दोन एन्व्हलप नसतील तर संगणकावर सर्ज एक्सटी हा सॉफ्टवेअर सिंथ घ्या. फुकट आहे, आणि त्यात प्रत्येक आवाजाला स्वतःचा फिल्टर, फिल्टरला वेगळा एन्व्हलप, पातळीला वेगळा. हार्डवेअरच वापरायचं असेल तर एकेक तार वेगळी रेकॉर्ड करा आणि फिल्टर हाताने उघडा. छेड एन्व्हलपची, उमलणं बोटांचं.

चेंदणी_बंदर

मी कोळीवाड्यातल्या ब्रास बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो, हळदीला, पालखीला. मिरवणुकीत बँड दाखवणार असाल तर एक सांगतो. सिंथवरचा ट्रम्पेट मला नेहमी खोटा वाटतो. कारण फुंकर वाढवली की आमचं वाद्य नुसतं मोठं होत नाही, ते चमकायला लागतं. हळू वाजवलं की गोल आणि मऊ, जोरात वाजवलं की धार येते. सिंथवाले एकच धार ठेवून आवाज लहान-मोठा करतात.

ठाणे_बेलापूर_रोड

तुम्ही जे सांगताय ते १९६० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये ज्यां-क्लोद रिसे यांनी संगणकावर ट्रम्पेटचं पृथक्करण करून मांडलं. जोर वाढला की वरचे नाद जास्त प्रमाणात वाढतात. म्हणजे ट्रम्पेटमध्ये उजेड जोराच्या मागोमाग चालतो. तंबोऱ्यात उजेड जोराची साथ सोडून स्वतःच्या वाटेने जातो. एकाच नाटकात तुम्हाला दोन्ही करायचे आहेत, हे मला फार आवडलं.

ट्रम्पेटसाठी पातळीचा अटॅक ४० ते ५० मिलिसेकंद, फिल्टरचा थोडा जास्त, ८० ते १००, म्हणजे धार किंचित मागून येईल. दोन्हींचा सस्टेन ७० टक्क्यांच्या आसपास. आणि कळ जोरात दाबली की फिल्टर जास्त उघडेल अशी जोडणी करा. चेंदणीकरांचं समाधान त्याशिवाय होणार नाही.

पडद्यामागे

थोडं विषयांतर, पण संबंध आहे. आवाजाची ओळख सुरुवातीच्या क्षणात किती असते हे मी एकदा तपासून पाहिलं होतं. कौपीनेश्वर मंदिरातल्या घंटेचं रेकॉर्डिंग घेतलं आणि टोल्याचा पहिला भाग कापून टाकला. उरलेल्याची सुरुवात हळू वर आणली. घरच्यांना ऐकवलं तर कुणालाही घंटा ओळखता आली नाही, दोघांना सुषिर वाद्य वाटलं. नंतर वाचनात आलं की पॅरिसमध्ये संगीतकार पिएर शेफेर यांनी १९४८ मध्ये घंटेवर हाच प्रयोग केला होता आणि त्यातून त्यांच्या संगीताला दिशा मिळाली. तुमचा तंबोरा अटॅक वाढवल्यावर पेटीसारखा का झाला, त्याचं उत्तर यात आहे. छेड कापली की वाद्यच बदलतं.

लॅपटॉपवाला

आपल्याकडच्यांनी हे खूप आधी हाताळलंय, तेही सांगायला हवं. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथसह स्टुडिओ उभा केला आणि गीता साराभाई, अतुल देसाई यांच्यासारख्यांनी तिथे काम केलं. आणि १९८२ मध्ये मुंबईच्या चरणजित सिंग यांनी रोलँडची टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही यंत्रं घेऊन रागांवर अख्खी रेकॉर्ड केली. टीबी-३०३ चा तो चिवचिवणारा आवाज म्हणजे जास्त रेझोनन्स आणि झटकन मिटणारा फिल्टर एन्व्हलप, बाकी काही नाही. जगाला ती रेकॉर्ड कित्येक वर्षांनी सापडली. त्यात राग ऐकताना मींड कळते, कारण त्या यंत्रात एका सुरावरून दुसऱ्यावर सरकण्याची सोय आहे आणि त्यांनी ती विचाराने वापरली.

कोपरीचा_सूर

दोन रविवार गेले. सविस्तर सांगतो.

सर्ज एक्सटी घेतला. दोन सॉटूथ, एकमेकांपासून अगदी किंचित बेसूर. पातळी: अटॅक ४ मिलिसेकंद (शून्य ठेवला तर टक्क असा आवाज यायचा), डिके ६ सेकंद, सस्टेन शून्य, रिलीज ४ सेकंद. फिल्टर: २४ डेसिबलचा लो-पास, कटऑफ मूळ सुराच्या दुप्पट, अटॅक ७०० मिलिसेकंद, डिके साडेतीन सेकंद, सस्टेन शून्य. रेझोनन्स आधी ७० टक्के ठेवला होता.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उमलला! पण दोन गोष्टी खटकल्या. एक, गंधार इतका स्पष्ट येतो की कुणी शीळ घालतंय असं वाटतं. दुसरं, खर्जाचा पाया पातळ झाला.

ठाणे_बेलापूर_रोड

दोन्हींचं मूळ एकच, रेझोनन्स. तो फार वाढवला की फिल्टर स्वतःच गायला लागतो, साइन लाटेची (सहायक नाद नसलेल्या सुराची) शीळ येते. आणि मूग यांच्या शिडीसारख्या रचनेच्या फिल्टरमध्ये (पेटंट १९६९ चं) रेझोनन्स वाढेल तसा खालचा भाग दबतो. सर्जमध्ये त्या जातीचा फिल्टर निवडला असेल तर तोच गुण येणार. ३५ ते ४० टक्क्यांवर या. पाया हवाच असेल तर खालच्या सा ची एक साइन लाट फिल्टर चुकवून मिसळा.

उतारही बदलून पाहा. २४ डेसिबलच्या फिल्टरमध्ये कटऑफच्या एक सप्तक वरचा नाद सोळाव्या हिश्शावर येतो, १२ डेसिबलच्यात चौथ्या. १२ घेतलात तर नाद एकेक करून उगवण्याऐवजी एकमेकांत मिसळून येतील. खरी जवारी तशीच असते असं माझा कान सांगतो, पण यात खर्जताईंचा शब्द शेवटचा.

आणि की-ट्रॅकिंग, म्हणजे सुराबरोबर कटऑफ सरकणं, निम्मं ठेवा. पूर्ण ठेवलं तर कटऑफ सुराबरोबर तंतोतंत सरकतो आणि चारही तारा एका साच्यातून काढल्यासारख्या वाटतात. निम्मं ठेवलं की खर्जाच्या वाट्याला वरच्या तारांपेक्षा जास्त नाद येतात.

खर्ज

हो, मिसळूनच यायला हवेत. गंधार ऐकू येतो म्हणजे शोधावा लागतो. न शोधता येतो तो आमचा नव्हे.

आणि छेडण्याची लय सांगते. प, सा, सा, खर्ज, आणि खर्जानंतर किंचित थांबा. चारही समान अंतराने वाजले तर यंत्र आहे हे लगेच कळतं. आधीच्या तारा पूर्ण विझायच्या आत पुढची छेडायची, म्हणजे जोड तुटत नाही.

कोपरीचा_सूर

ताई, काल घरी येऊन तुम्ही ऐकलंत, त्याबद्दल इथेही आभार मानतो. बाकीच्यांसाठी लिहितो. १२ डेसिबल, रेझोनन्स ३८, की-ट्रॅकिंग निम्मं, साइन लाट अगदी हलकी. खर्जाच्या तारेला फिल्टरचा अटॅक ९०० मिलिसेकंद केला, बाकीच्यांना ६००. ताईंनी डोळे मिटून चार आवर्तनं ऐकली आणि म्हणाल्या, "दोरा अजून सरकव." आम्ही दोघांनी मिळून कटऑफ हलवला, सुईच्या टोकाएवढा, आणि एका जागी त्या "थांब" म्हणाल्या.

घाणेकर नाट्यगृहात तालीम झाली. शेवटच्या प्रसंगात मिरवणूक आधी ३०० हर्ट्झच्या लो-पासमधून येते, फक्त ढोल. बाई उठून खिडकीपाशी जातात, मी त्यांच्या हाताकडे बघत कटऑफ वर नेतो. आधी बँडचा मऊ भाग, मग ट्रम्पेटची धार, सर्वांत शेवटी ताशा. त्याच वेळी तंबोऱ्याचा कटऑफ खाली येत राहतो, उजेड जातो, नुसता सा उरतो. पडद्यामागे ताई, आवाजाची पातळी एकदाही हलवली नाही.

चेंदणी_बंदर

ट्रम्पेट ऐकवाल का? धार कुठे येते ते मला ऐकायचंय.

कोपरीचा_सूर

रविवारी तालमीलाच या, वाद्यही घेऊन या. तुमची एक ओळ खरी वाजवून दोन्ही शेजारी-शेजारी ऐकू.

खर्ज

रेकॉर्डिंग परत ऐकलं. पंचमाची तार अजून जरा जास्त बोलते. तिचा दोरा किंचित मागे घे.

कोपरीचा_सूर

घेतला. आता?

खर्ज

आता लागली.